भाडेकरू वारल्यानंतर खोली कोणाची? ‘कुटुंबातील व्यक्ती’ ठरवण्यापासून पावती बदलून घेण्यापर्यंत

आई गेली. दिवसकार्य उरकलं आणि तिघं भावंडं तिची ट्रंक उघडून बसली. आत मृत्युपत्र निघालं, नोटरीचा शिक्का मारलेलं. ‘माझ्या मागे ही खोली धाकट्या मुलाला मिळावी’ असं त्यात लिहिलं होतं. धाकटा गेली पंधरा वर्षं दुसऱ्या शहरात राहत होता. आईजवळ राहून तिचं सगळं केलं ते मधल्या मुलीने. धाकटा कागद घेऊन घरमालकाकडे गेला, मुलगी गप्प बसली, आणि मालकाने दोघांनाही ‘आधी तुमचं ठरवून या’ म्हणून परत पाठवलं. पुढची चार वर्षं पावती निघाली नाही.

जुन्या भाड्याच्या खोल्यांचे कागद वाचून द्यायला मी बसतो तेव्हा थोड्याफार फरकाने हीच गोष्ट समोर येते. लोकांना वाटतं की खोली वारसाला मिळते, आणि वारस म्हणजे मुलगा किंवा मृत्युपत्रात नाव असलेला माणूस. कायदा मात्र वेगळंच विचारतो: भाडेकरू वारला त्या वेळी त्याच्यासोबत त्या घरात त्याच्या कुटुंबातलं कोण राहत होतं? त्या घरातल्या मुलीला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर तिची चार वर्षं वाचली असती.

हा लेख महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या राहत्या घरांपुरता आहे. कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने टप्पे दिले आहेत. क्रम मोडू नका. बहुतेक नुकसान चौथ्या टप्प्याचं काम न करता सहाव्यावर उडी मारल्याने होतं.

## टप्पा १ : तुमचं घर या कायद्यात बसतं का

आधी जुनी भाडेपावती किंवा करार बाहेर काढा. चार शक्यता असतात.

पहिली म्हणजे जुनी भाडेकरी, मग ती पागडीची असो वा साध्या भाड्याची. मालक खाजगी, दरमहा पावती, भाडं थोडं. पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

दुसरी, लीव्ह अँड लायसन्स. अकरा महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा नोंदणीकृत करार असेल तर तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. परवाना वारसाने मिळत नाही. करार करणारी व्यक्ती वारली तर कुटुंबाने मालकाशी नवा करार करायचा किंवा घर सोडायचं. याला एक जुना अपवाद आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जे राहत होते, त्यांना तेव्हाच्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. आजोबांच्या काळचा ‘लायसन्स’ असा कागद सापडला तर तो फेकू नका, तारीख बघा.

तिसरी शक्यता सरकारी किंवा महापालिकेच्या मालकीच्या घराची. अशा इमारतींना हा अधिनियम लागू नाही. तिथे नाव बदलण्याचे नियम त्या त्या खात्याचे असतात, अर्जही तिथेच करायचा.

चौथी, कंपनीच्या नावावर घेतलेलं घर. बँका, सार्वजनिक उपक्रम, आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर कायद्याचं संरक्षणच नाही. वडील त्या घरात तीस वर्षं राहिले असले तरी भाडेकरू कंपनी होती, वडील नव्हेत.

तपासा : पावतीवर नेमकं कोणाचं नाव आहे? पुष्कळ घरांत ते आजोबांचं निघतं. वडिलांच्या नावावर पावती कधी झालेलीच नसते. तसं असेल तर पुढचा टप्पा दोनदा करावा लागेल.

## टप्पा २ : मृत्यूची तारीख पक्की करा, एकाहून जास्त मृत्यू असतील तर साखळी मांडा

कलम ७(१५)(डी) चा आशय असा. भाडेकरू वारला की त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या घरात राहणारी त्याच्या कुटुंबातली कोणतीही व्यक्ती भाडेकरू ठरते. अशी व्यक्ती नसेल तरच वारस. आणि त्यांच्यात एकमत नसेल तर न्यायालय ठरवतं.

‘मृत्यूच्या वेळी’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. आज घरात कोण राहतं याला दुय्यम महत्त्व आहे.

हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पण मृत्यू त्याआधी झालेला असला तरी हीच तरतूद लागते. शिवाय हा हक्क एका पिढीवर थांबत नाही. मूळ भाडेकरूनंतर जो भाडेकरू झाला, तो वारल्यावरही हाच नियम पुन्हा लागतो. म्हणून पावती आजोबांच्या नावावर असेल तर एका कोऱ्या कागदावर अशी साखळी मांडा:

आजोबा, मृत्यू अमुक तारखेला. त्या वेळी घरात आजी, वडील, काका, आत्या.
आजी, मृत्यू अमुक तारखेला. त्या वेळी घरात वडील, आई, तुम्ही. काका तोपर्यंत वेगळ्या घरी गेलेले.
वडील, मृत्यू अमुक तारखेला. त्या वेळी घरात आई आणि तुम्ही.

हा कागद तयार झाला की काकांचा मुलगा ‘आजोबांची खोली, आमचाही हिस्सा’ म्हणत आला तरी तुमच्याकडे उत्तर असतं. वाद कुठे होऊ शकतो तेही आधीच दिसतं. वरच्या उदाहरणात काका नेमके कोणत्या वर्षी गेले, यावरच सगळं येऊन थांबेल.

प्रत्येक मृत्यूचा दाखला मिळवा. जुन्या मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या भागाच्या महापालिका किंवा ग्रामपंचायत कार्यालयात असते, राहत्या घराच्या भागात नव्हे. गावी वारलेल्या आजोबांचा दाखला मुंबईत शोधत बसणारे पुष्कळ भेटतात.

## टप्पा ३ : कुटुंबात कोण धरलं जातं

या अधिनियमात ‘कुटुंब’ शब्दाची व्याख्याच नाही. त्यामुळे न्यायालय प्रत्येक घराची हकीकत बघतं: नातं काय होतं आणि राहणं एकत्र होतं का. दोन्ही लागतात. नातं आहे पण राहणं नाही, तर ती व्यक्ती वारसाच्या रांगेत जाते. राहणं आहे पण कौटुंबिक नातं नाही, तर ती कुठेच बसत नाही.

नवरा-बायको, मुलं, आई-वडील. सोबत राहत असतील तर प्रश्न येत नाही. दत्तक मूल विधिवत दत्तक घेतलेलं असेल तर पोटच्या मुलासारखंच.

लग्न झालेली मुलगी. लग्न झालं म्हणून ती कुटुंबाबाहेर जात नाही. प्रश्न एवढाच, ती खरोखर तिथे राहत होती का? नवऱ्यासह माहेरी राहणारी, सासर सोडून परत आलेली, विधवा होऊन आलेली, या सगळ्या बसू शकतात. बाळंतपणाला आलेली किंवा आईच्या शेवटच्या आजारपणात महिनाभर राहिलेली मुलगी मात्र ‘राहत होती’ असं म्हणणं कठीण. तिचं बिऱ्हाड दुसरीकडेच असतं.

सून. इथे लोकांचा हमखास गोंधळ होतो. नवरा हयात असेल तर सून सासऱ्यांची वारस नसते, पण सोबत राहत असेल तर कुटुंबातली व्यक्ती असतेच. आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे आधी वारलेल्या मुलाची विधवा ही तर सासऱ्यांची पहिल्या वर्गातली वारस आहे. सासू-सासऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या विधवा सुनेला ‘तू परक्या घरची’ म्हणून दीर बाहेर काढायला बघतात, तेव्हा तिने या दोन्ही गोष्टी ठामपणे सांगाव्यात. शिवाय कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ प्रमाणे सामाईक घरातून तिला कायदेशीर मार्गाशिवाय घालवता येत नाही. ते घर भाड्याचं असलं तरीही.

भाऊ, बहीण, पुतण्या, भाची, नातवंडं. सोबत राहणारा अविवाहित भाऊ, लहानपणापासून त्या घरात वाढलेला पुतण्या, आजीजवळ राहणारी नात, हे कुटुंबातले धरले जाऊ शकतात. नातं जितकं लांबचं, तितका एकत्र राहण्याचा पुरावा भक्कम लागतो. एक चूल होती का? खर्च एकत्र होता का? भाडेकरू त्यांच्यावर किंवा ते भाडेकरूवर अवलंबून होते का? गावाकडून नोकरीसाठी आलेला आणि महिन्याला पैसे देऊन राहणारा दूरचा भाचा यात बसणं अवघड, कारण तो पैसे भरून राहणाऱ्यासारखा दिसतो.

लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडीदार. वर सांगितलेल्या २००५ च्या कायद्यात विवाहासारख्या नात्याला जागा आहे, पण तेवढ्याने भाडेकरी आपोआप मिळत नाही. एकत्र संसार होता हे कागदोपत्री दाखवण्याचं ओझं जोडीदारावर जास्त असतं. असं नातं असेल तर भाडेकरू हयात असतानाच शिधापत्रिका, बँक खातं आणि विमा पॉलिसीवरचं नाव यांची कामं करून घ्या.

विभक्त किंवा घटस्फोटित पत्नी. नवऱ्याने सोडून दिलेली पण लग्न कायम असलेली पत्नी त्या घरात राहत असेल तर तिची बाजू मजबूत असते. घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्यात राहत्या घराबद्दल काय लिहिलं आहे ते आधी वाचा.

नोकर, काळजीवाहू, पेइंग गेस्ट, मित्र. कितीही वर्षं राहिले आणि कितीही सेवा केली, तरी त्यांचं राहणं भाडेकरूच्या कुटुंबातली व्यक्ती म्हणून नसतं.

### ‘राहत होता’ म्हणजे काय

वडील इस्पितळात वारले, म्हणून ते ‘घरात राहत नव्हते’ असं होत नाही. शेवटचे दोन महिने ते मुलीकडे होते, म्हणूनही नाही. तात्पुरत्या गैरहजेरीने राहणं तुटत नाही. हेच कुटुंबातल्या माणसालाही लागू. शिक्षणासाठी वसतिगृहात असलेला किंवा काही महिन्यांच्या बदलीवर गेलेला मुलगा घर सोडून गेला असं होत नाही, त्याचं सामान, पत्ता आणि परत येण्याचा इरादा तिथेच असेल तर. पण स्वतःचा फ्लॅट घेऊन बायकामुलांसह तिकडे राहायला गेलेला, आधारवर तिकडचा पत्ता टाकलेला आणि सणावाराला खोलीवर येणारा मुलगा ‘राहत होता’ म्हणू लागला, तर मालकाचा वकील त्याचंच आधार कार्ड त्याच्यासमोर ठेवतो.

### वारसाचा क्रमांक कधी येतो

सोबत राहणारं कुटुंबातलं कुणीच नसेल तेव्हा. वारस कोण, हे त्या त्या व्यक्तिगत कायद्याने ठरतं. हिंदू पुरुष वारला तर पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई येतात. वडील मात्र दुसऱ्या वर्गात आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यामुळे अविवाहित मुलगा वारला आणि सोबत कुणीच राहत नव्हतं, तर आई आधी, वडील नंतर.

सावध : वारस म्हणजे कायद्याने येणारा वारस. मृत्युपत्राने नेमलेला माणूस इथे वारस ठरत नाही. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने, जुन्या मुंबई भाडे कायद्यातल्या अशाच शब्दांचा अर्थ लावताना, हे स्पष्ट केलं आहे. भाडेकरी ही मृत्युपत्रात वाटून देण्याची वस्तू नाही. सुरुवातीला सांगितलेल्या घरातलं मृत्युपत्र दागिने आणि बँकेतल्या पैशांपुरतं खरं होतं, खोलीपुरतं नाही.

## टप्पा ४ : पुरावे, आणि तेही त्या तारखेचे

याला वेळ द्या. माझ्या अनुभवात दोन-तीन आठवडे तरी लागतात. पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

पाहिजेत ते मृत्यूच्या आधीच्या काळातले कागद. मृत्यूनंतर त्या पत्त्यावर काढलेलं आधार कार्ड हा दुबळा पुरावा आहे. उलट, मृत्यूनंतर महिनाभरात पत्ता बदललेला दिसला तर संशयच येतो.

शिधापत्रिका सर्वांत उपयोगी, कारण तिच्यात घरातली माणसं एका पानावर दिसतात. मयताचं नाव कमी करायला जाण्याआधी मूळ शिधापत्रिकेच्या रंगीत प्रती काढा. जुनी शिधापत्रिका कार्यालयात जमा झाली की ती परत हाती येत नाही. ही एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की सुतकात असलेल्या घरालाही हे आधी सांगतो.

त्या खालोखाल मतदार यादी. मृत्यूच्या आधीच्या वर्षाची यादी मिळवा आणि त्यात भाडेकरू आणि तुम्ही एकाच घर क्रमांकाखाली असल्याचं पान जपून ठेवा. मग शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं पासबुक, गॅस जोडणीचं पुस्तक, वीजबिल, विम्याचे हप्ते भरल्याच्या पावत्या, नोकरीच्या ठिकाणी दिलेला पत्ता, आयकर विवरणपत्र, लसीकरणाचं कार्ड, इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड. शेवटच्या आजारात इस्पितळात नातेवाईक म्हणून सही कोणी केली आणि कोणता पत्ता दिला, हेही उपयोगी पडतं. टपालाचा शिक्का असलेली जुनी पाकिटं, लग्नपत्रिका, अंतर्देशीय पत्रं टाकून देऊ नका. १९८५ चं एक अंतर्देशीय पत्र कधीकधी दहा छायाप्रतींवर भारी पडतं.

भाडं कोण भरत होतं? भाडेकरूच्या हयातीत तुमच्या खात्यातून भाडं गेलं असेल तर ती नोंद काढा. त्यावरून एकत्र संसार दिसतो. मात्र नुसतं भाडं भरल्याने कुणी भाडेकरू होत नाही.

शेवटी शेजारी. चाळीतली जुनी माणसं थकत चालली आहेत. ज्यांनी तुम्हाला त्या घरात वाढताना पाहिलं, अशा दोघांची प्रतिज्ञापत्रं आत्ताच करून ठेवा. त्यात ‘चांगले कुटुंब आहे’ असलं काही नको. कोण, कोणत्या खोलीत, कधीपासून आणि मृत्यूच्या दिवशी कोण राहत होतं, एवढंच.

तपासा : प्रत्येक कागदावर पेन्सिलीने तारीख लिहा आणि तारखेप्रमाणे लावा. मृत्यूच्या आधीच्या तीन वर्षांत मोठं भोक दिसत असेल तर ते बुजवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५ : घरात एकमत, कागदावर

सोबत राहणारे एकाहून जास्त असतील, समजा आई, मोठा मुलगा, सून आणि धाकटी मुलगी, तर पावती कोणाच्या नावावर घ्यायची हे आधी घरात ठरवा. माझं मत विचाराल तर आई हयात असेल तर पावती आईच्या नावावर घ्या. मुलांच्या नावावर घेतलेल्या पावत्यांमुळे म्हाताऱ्या आया वृद्धाश्रमात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. तिच्यानंतर सोबत राहणाऱ्या मुलांकडे हक्क येतोच, तशी सोय कायद्यातच आहे.

संमतीपत्रात पुढच्या गोष्टी याव्यात: मयत भाडेकरूचं नाव आणि मृत्यूची तारीख, त्या वेळी सोबत राहणाऱ्या सर्वांची नावं, त्यांनी एकमताने अमुक व्यक्तीचं नाव सुचवल्याचं वाक्य, आणि इतरांचा राहण्याचा हक्क कायम असल्याचं वाक्य. हे शेवटचं वाक्य विसरू नका.

बाहेर राहणाऱ्या भावंडांच्या सह्या कायद्याने अत्यावश्यक नाहीत, पण मिळाल्या तर घ्या. मालकाचं तोंड बंद होतं आणि उद्याचा वाद टळतो. त्यांच्याकडून लिहून घ्यायचं ते असं: ‘आमचे वडील वारले त्या वेळी आम्ही या खोलीत राहत नव्हतो. आमची बहीण अमुक त्यांच्यासोबत राहत होती. पावती तिच्या नावे होण्यास आमची हरकत नाही.’

सावध : ‘मी माझा भाडेकरीतील हिस्सा अमुकला इतक्या रकमेच्या मोबदल्यात हस्तांतरित करतो’ असलं हक्कसोडपत्र करू नका. मालकाच्या संमतीवाचून भाडेकरी दुसऱ्याला देणं हे कलम २६ च्या विरुद्ध आहे आणि घर खाली करून मागण्याचं कारण ठरू शकतं. जिथे राहण्यामुळे हक्क आपोआप आला आहे, तिथे ‘हस्तांतर’ हा शब्द स्वतःच्या हाताने लिहून का द्यायचा?

वारस दाखल्याबद्दल थोडं. मालक बहुधा ‘कोर्टाचा वारस दाखला आणा’ म्हणतात. सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला तो लागत नाही, कारण त्याचा हक्क वारस म्हणून नसून सोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती म्हणून आहे. सक्सेशन सर्टिफिकेट तर येणी आणि रोख्यांसाठी असतं, भाडेकरीशी त्याचा संबंध नाही. वारस दाखला उपयोगी पडतो तो सोबत कुणीच राहत नसताना वारस पुढे येतो तेव्हा.

## टप्पा ६ : मालकाला पत्र आणि भाडं, दोन्ही एकाच वेळी

तोंडी बोलणी करा, पण पत्र पाठवल्यावर. मजकूर थोडा ठेवा:

‘आपल्या इमारतीतील खोली क्रमांक अमुकचे भाडेकरू, माझे वडील, यांचे दिनांक अमुक रोजी निधन झाले. मृत्यूच्या वेळी मी, माझी आई व माझी पत्नी त्यांच्यासोबत याच खोलीत राहत होतो आणि आजही राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७(१५)(डी) नुसार भाडेकरी आमच्याकडे आली आहे. कुटुंबाच्या संमतीने यापुढील पावत्या माझ्या आईच्या नावे द्याव्यात. मृत्यूचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत व संमतीपत्र सोबत जोडले आहे. अमुक महिन्याचे भाडे सोबत पाठवत आहे.’

‘विनंती’, ‘मेहरबानी’, ‘आपण उदार मनाने’ हे शब्द नकोत. नम्र राहा, पण हक्क भिकेसारखा मागू नका. पत्र पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा आणि प्रत ठेवा.

भाडं एक महिनाही थांबवू नका. ‘पावती नावावर करा, मग भाडं देतो’ ही अडवणूक उलटते. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडं भरलं नाही तर मालक दावा लावू शकतो. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के दराने सरळ व्याज आणि खर्च न्यायालयात भरून घर वाचवता येतं, पण ती शेवटची संधी असते. मालक भाडं घेत नसेल तर दर महिन्याला मनीऑर्डरने किंवा त्याच्या खात्यात पाठवा. परत आलेल्या मनीऑर्डरची पावती हाच तुमचा पुरावा.

भाडं घेतलं तर पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. कलम ३१ प्रमाणे पावती न दिल्यास दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पत्रात धमकी म्हणून हे लिहू नका. दुसऱ्या स्मरणपत्रात कलमाचा नुसता उल्लेख पुरतो.

सावध, घर बंद ठेवू नका : सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने घर राहण्यासाठी वापरलं नाही तर ते घर खाली करून मागण्याचं कारण ठरतं. ‘पावती होईपर्यंत कुलूप लावू’ हा विचार सोडून द्या. आणि त्या काळात ओळखीच्या कुणाला ‘सांभाळायला’ ठेवू नका. पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप तिथूनच सुरू होतो.

## टप्पा ७ : मालकाचं उत्तर वाचताना

बहुतेक वेळा चारपैकी एक उत्तर येतं.

‘पावती जुन्याच नावाने चालू ठेवा.’ पुष्कळ जण हे मान्य करून वीस वर्षं बसून राहतात. आमच्याच घरात वडिलांच्या नावाची पावती त्यांच्या मागे अकरा वर्षं निघत राहिली. आम्हाला त्यात काही गैर वाटलं नाही. पुनर्विकासाची यादी लागली तेव्हा धावपळ झाली, आणि तोपर्यंत साक्ष देऊ शकणारे दोन शेजारी गेले होते. निदान पावतीवर ‘मार्फत’ म्हणून तुमचं नाव लिहून घ्या आणि लेखी मागणी चालू ठेवा.

‘ट्रान्सफरचे पैसे द्या.’ पागडीची खोली बाहेरच्या माणसाला देताना मालकाची संमती लागते आणि त्यासाठी मोबदला घेणं कायद्याने चालतं. कुटुंबात हक्क येतो तो कायद्याने, मालकाच्या संमतीने नव्हे. त्यामुळे त्या रकमेला आधार नाही. वाद टाळायला कुणी काही देत असेल तर तो त्याचा निर्णय, पण पावतीशिवाय आणि रोखीत एक रुपयाही देऊ नका.

‘नवा करार करू, म्हणजे सगळं स्वच्छ होईल.’ या उत्तराला सर्वांत जास्त घाबरा. लीव्ह अँड लायसन्सवर सही केली की तुम्ही स्वतःच स्वतःला परवानाधारक म्हणून लिहून देता. नव्या भाडेकरीचा करारही घातक ठरू शकतो. मुंबईत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या पुनर्विकासात १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेल्या नव्या भाडेकऱ्या धरल्या जात नाहीत. तुमची भाडेकरी जुनीच आहे, ती फक्त तुमच्याकडे आली आहे. तिला नवी तारीख लावू देऊ नका. भाडं वाढवायचं म्हणत असेल तर कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, त्यासाठी नवा करार लागत नाही.

‘तुम्ही तिथे राहतच नव्हता.’ आता चौथ्या टप्प्यातली फाइल उपयोगी पडते. लेखी उत्तर द्या, निवडक पाच-सहा प्रती जोडा, मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका.

## टप्पा ८ : न्यायालयात जायचं ते कधी

मालक हक्कच नाकारत असेल, घरातले दोघे दावेदार हटून बसले असतील, किंवा बाहेर काढण्याची भीती असेल, तर थांबू नका. मुंबईत लघुवाद न्यायालयात घोषणेचा दावा लावला जातो. तिथले वकील त्याला आर.ए.डी. दावा म्हणतात. पुणे-नागपूरसारख्या ठिकाणी लघुवाद न्यायालय आहे, इतरत्र दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यासमोर जावं लागतं. दाव्यात दोन मागण्या घाला: मी भाडेकरू आहे अशी घोषणा, आणि निकाल लागेपर्यंत मला बाहेर काढू नये असा मनाई हुकूम. हक्क सांगणाऱ्या इतर नातेवाइकांनाही पक्षकार करा, नाहीतर निकालानंतर ते वेगळा दावा घेऊन उभे राहतात. निकालाविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवस आहे.

वकिलाकडे जाताना साखळीचा कागद वर, तारखेप्रमाणे लावलेली फाइल खाली. त्याला पहिलं वाक्य ‘आम्ही वारस आहोत’ असं सांगू नका. ‘वडील वारले तेव्हा आम्ही त्यांच्यासोबत राहत होतो’ असं सांगा. दाव्याच्या मजकुरातही हे वाक्य आलं आहे का, सही करण्यापूर्वी स्वतः वाचून बघा.

## इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर

उपकरप्राप्त इमारतीत भाडेकरूंची प्रमाणित यादी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडून होते. यादीत मयताचं नाव आलं तर घाबरू नका. ते नाव जुनी भाडेकरी सिद्ध करतं. पण हरकती आणि दुरुस्तीसाठी दिलेल्या मुदतीत मृत्यूचा दाखला, साखळीचा कागद, संमतीपत्र आणि मालकाशी झालेला पत्रव्यवहार घेऊन अर्ज करा आणि पोच घ्या. विकासकाबरोबरच्या करारावर सही करण्याआधी त्यात तुमचं वर्णन काय केलं आहे ते पाहा. ‘रहिवासी’ किंवा ‘ताबेदार’ लिहिलं असेल तर ते खोडून ‘कै. अमुक यांच्या मृत्यूनंतर कलम ७(१५)(डी) प्रमाणे भाडेकरू’ असं लिहून घ्या, आणि त्या दुरुस्तीशेजारी दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.